तंत्रलेखकांचा आधार गेला

महोदय,

१९५३ पासूनचा वारसा सांगणारी अमेरिकेतील ‘सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन’ ही तंत्रलेखकांची संस्था आर्थिक विवंचनेमुळे जानेवारी २०२५ मध्ये दिवाळखोरीचा मार्ग पत्करून बंद झाली, याची आपल्याकडे फारशी दखल घेतली गेली नाही. तिची शाखा भारतातही होती आणि पुण्यातील सॉफ्टवेअर कंपन्यांत माहितीपुस्तिका लिहिणाऱ्या माझ्यासारख्या अनेकांनी या व्यवसायाचे धडे तिच्याच नियतकालिकांतून गिरवले.

परवा घरी आणलेल्या रक्तदाबमापक यंत्राच्या मराठी पत्रकात दंडाच्या पट्ट्याला नुसते ‘कफ’ म्हटले होते. ते वाचून आईने, ‘खोकला असताना हे वापरायचे नाही का?’ असे काळजीने विचारले. मराठी प्रकाशक, अनुवादक आणि तंत्रलेखक यांनी एकत्र येऊन अशा मजकुरासाठी नियमित कार्यशाळा घ्याव्यात. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश हाताशी आहेतच.

– एक तंत्रलेखिका, पुणे