सूचना: आडोसा आणि लपणं, लढाईपूर्वी वाचून या
सभासदांनो, डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवर चालणाऱ्या भूमिका-खेळाच्या पाचव्या आवृत्तीत आडोसा वेगळा, न दिसणं वेगळं. गल्लत इथेच होते. निम्मं अंग झाकलं तर एसी (वार लागायला फाशाने गाठावा लागणारा आकडा) आणि डेक्स्टेरिटी सेव्हला (चपळाईने स्फोटासारख्या धोक्यातून वाचण्याच्या फाशाला) +२, पाऊण झाकलं तर +५. पूर्ण झाकलेल्यावर थेट नेम धरता येत नाही. दोन आडोशांची बेरीज करू नका, मोठा तोच धरा. मध्ये उभा असलेला आपलाच सोबती शत्रूला +२ मिळवून देतो, हे धनुर्धारी हमखास विसरतात. स्फोटाच्या मंत्रात आडोसा मध्यबिंदूपासून मोजा, मांत्रिकापासून नाही.

दाट धुक्याने एसी वाढत नाही. न दिसणाऱ्यावर वार करताना दोन डी२० (वीस बाजूंचे फासे) टाकून कमी आकडा घ्या. दोघंही एकमेकांना दिसत नसतील तर फिटंफाट, एकच फासा. हाइड ॲक्शन (आपल्या खेळीत लपण्यासाठी वापरायची कृती) न घेता धुक्यात नुसतं उभं राहणं म्हणजे लपणं नव्हे.