बाथरूम-फरशीची कामं काढण्यापूर्वी

सर्व सभासदांस नमस्कार,

दिवाळीआधी बऱ्याच घरांत कामं निघतात. आमच्याकडे फक्त टाइल्स बदलायच्या होत्या. फोडल्यावर खालचा लोखंडी पाइप गंजून चाळणी झालेला निघाला. आठवड्याचं काम महिनाभर चाललं, आणि आई तितके दिवस शेजारी अंघोळीला जात होती. शेजारच्या वहिनी रोज तिच्यासाठी पाणी तापवून ठेवायच्या, हे इथे मुद्दाम सांगतो.

म्हणून कळकळीची विनंती. बाथरूम फोडलंच, तर जुने पाइप त्याच वेळी बदला. वॉटरप्रूफिंग झाल्यावर, टाइल्स बसवण्याआधी, पाणी किमान 24 तास, जमल्यास 48 तास तुंबवून ठेवा आणि खालच्या घरी जाऊन छत स्वतः पाहा. कंत्राटदाराच्या ‘काही होत नाही’वर विसंबू नका.

कॉलम, बीम, स्लॅबला छिन्नी लावायची नाही, वायरिंगच्या खाचेसाठीही नाही. भिंत काढायची असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र आधी समितीकडे द्या.

दुपारी 2 ते 4 ठोकाठोकी बंद. त्या वेळी तान्ही बाळं आणि रात्रपाळीची माणसं झोपलेली असतात. राडारोडा गोणीत भरा, जिन्यात ठेवू नका.

– सचिव