पायाचा खड्डा बुजण्याआधी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दसरा-पाडवा जवळ आला की वर्तमानपत्रांत रो-हाऊसच्या जाहिराती सुरू होतात. मॉड्युलर किचन, व्हिट्रिफाइड फरशी, पीओपीचे छत, 'हायवेपासून पाच मिनिटांवर'. मराठवाड्यात घर टिकणार की तडकणार हे ज्यावर ठरते ती गोष्ट त्यात कधीच नसते: पाया किती फूट खाली गेला आणि कशावर टेकला. पहिले घर घेणाराही ती विचारत नाही. तो नळाच्या तोट्या फिरवून पाहतो, फरशीचा रंग बघतो आणि इसार देऊन मोकळा होतो.

काळी माती पाणी धरून ठेवते म्हणून कापसाला मानवते. घराला बाधतो तो तिचा हाच गुण. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. मे महिन्यात शेतात ज्या भेगांत काठी जाते, तशाच भेगा घराच्या कडेलाही पडतात. मात्र घराच्या मधोमध, फरशीखाली ऊन-पाऊस पोहोचत नाही, म्हणून तिथला ओलावा वर्षभर जवळपास सारखा राहतो. कडेची माती दर पावसाळ्यात फुगते, दर उन्हाळ्यात बसते. मध्य स्थिर आणि कोपरे खालीवर, अशा ओढाताणीत भिंत तिरकी फाटते. 'प्लास्टरचा दोष आहे, रंग मारला की जाईल' हे गुत्तेदाराचे उत्तर अशा वेळी निव्वळ वेळकाढूपणा असतो.

यावरचा इलाज जुना आणि साधा आहे. काळी माती पूर्ण ओलांडून पाया पक्क्या मुरमावर टेकवायचा आणि त्यातही फूटभर आत न्यायचा. माती चार-पाच फूट असेल तर हे सहज जमते. गोदावरी, पूर्णा, दुधना यांच्या काठच्या पट्ट्यांत मात्र काही ठिकाणी दहा फूट खोदूनही मुरूम लागत नाही. तिथे अंडर-रीम्ड पाइल लागतात, म्हणजे जमिनीत साधारण साडेतीन मीटर उतरणारे काँक्रीटचे खांब. त्यांच्या तळाशी फुगवटा असतो आणि त्याचा व्यास खांबाच्या अडीच पट ठेवतात. हे खांब ऋतूप्रमाणे हलणाऱ्या थराच्या खाली पकड घेतात. त्यांना जोडणारी तुळई मातीवर टेकवायची नसते. तिच्याखाली सुमारे ८० मिलिमीटर पोकळी सोडतात, म्हणजे माती फुगली तरी तुळई उचलली जात नाही. ही पोकळी गवंड्याला चूक वाटते आणि तो ती प्रामाणिकपणे भरून टाकतो. देखरेख नसेल तर सगळा खर्च तिथेच वाया जातो.

प्रत्यक्षात काय होते? सहा घरांच्या रांगेला सरसकट चार फुटांचे खड्डे घेतले जातात. रांगेच्या एका टोकाला मुरूम तीन फुटांवर असतो, दुसऱ्या टोकाला सात फुटांवर. पहिल्या घराला काही होत नाही, सहावे तडकते, आणि सहाव्या घरवाल्याला वाटते की आपले नशीब खोटे.

दुसरी लबाडी जोत्याच्या भरावात होते. २० बाय ३० फुटांच्या जोत्यात दोन फूट भराव म्हणजे १,२०० घनफूट, अर्थात १२ ब्रास मुरूम. तो विकत आणण्याऐवजी पायातून निघालेली काळी मातीच आत ढकलतात. नहाणीचा एखादा सांधा पाझरला की ती फुगते आणि हॉलच्या मधोमध फरशी उचलली जाते. मालक फरशी बदलतो, दोन वर्षांनी ती पुन्हा उचलते. भराव मुरमाचाच हवा, तोही सहा-सहा इंचांच्या थरांत, पाणी मारून, धुम्मसाने ठोकलेला.

माती किती फुगीर आहे हे तपासणे अवघड नाही. चाळलेली कोरडी माती दहा-दहा ग्रॅम घेऊन १०० मिलीच्या दोन मोजपात्रांत टाकतात. एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. २४ तासांनी दोन्हींतल्या मातीची पातळी वाचायची. पाण्यातली माती रॉकेलमधल्या मातीच्या दीडपट किंवा त्याहून जास्त भरली, तर साध्या उथळ पायाचा विचार सोडून द्यावा. ही चाचणी अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या आणि तंत्रनिकेतनांच्या प्रयोगशाळांत होऊ शकते. लोक वास्तुशांतीच्या मांडवावर याहून कितीतरी जास्त खर्च करतात.

तयार घर घेणाऱ्याला पाया दिसत नाही, पण खुणा दिसतात. घर दिवाळीनंतर नव्हे, मे महिन्यात पाहावे. दिवाळीला माती ओली असते, तडे मिटलेले असतात आणि वर ताजा रंग असतो. त्याच बिल्डरने तीन-चार वर्षांपूर्वी त्याच भागात बांधलेले घर पाहावे आणि तिथल्या वहिनींना एवढेच विचारावे की कुठले दार उन्हाळ्यात एक आणि पावसाळ्यात दुसरेच वागते. ओटा आणि भिंत यांच्यात फट आहे का, कंपाउंडची भिंत नागमोडी झाली आहे का, नाण्याने ठोकल्यावर फरशी पोकळ वाजते का, हेही बघावे.

सगळे तडे एका माळेचे नसतात. जाळीसारखे बारीक तडे बहुधा प्लास्टर लवकर वाळल्याचे. त्याने घर पडत नाही. कॉलम आणि वीटकाम यांच्या सांध्यावरची सरळ रेघ म्हणजे प्लास्टरआधी तिथे जाळी मारली नव्हती. स्लॅबच्या खाली गजाच्या रेषेत तांबूस डाग आणि फुगलेला थर दिसला तर गज गंजतो आहे. तिथे नुसते पुट्टी भरणे म्हणजे रोग झाकणे. खिडकीच्या कोपऱ्यातून निघून पायऱ्या-पायऱ्यांनी चढणारा, वर रुंद आणि खाली निमुळता तडा मात्र पायाचा समजावा. तडा जिवंत आहे की थांबलेला, हे काच सांगते. त्यावर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना सिमेंटने चिकटवून शेजारी तारीख लिहायची. पट्टी फुटली की हालचाल चालू आहे. निदान एक उन्हाळा आणि एक पावसाळा ती राहू द्यावी.

दुरुस्तीचा क्रम बहुतेक जण उलटा लावतात. आधी तडा भरतात आणि पाण्याकडे शेवटी बघतात. सुरुवात पाण्यापासून हवी: फुटका चेंबर, नहाणीचा पाझर, टाकीचे ओव्हरफ्लो, गच्चीचा पाइप नेमका जोत्याशी रिकामा होणे. त्यानंतर घराभोवती किमान एक मीटर रुंदीचा पट्टा घ्यायचा. फूटभर काळी माती काढून मुरूम ठोकायचा, त्यावर जाड प्लास्टिक अंथरायचे आणि वर बाहेरच्या बाजूला उतार देऊन काँक्रीट करायचे. भिंत आणि पट्टा यांच्या सांध्यात डांबरी मसाला भरावा. तिथे सिमेंट भरले की पट्टा हलताना भिंतीला ओढतो. तिसरी गोष्ट झाडे. भिंतीपासून पाच फुटांवर लावलेला कडुनिंब उन्हाळ्यात पायाखालचेच पाणी ओढतो. मोठे झाड त्याच्या पूर्ण वाढीच्या उंचीइतके दूर असावे. प्लॉट तीस फुटांचा असताना हे कसे जमणार, हा प्रश्न रास्त आहे. तेव्हा तिथे कढीपत्ता, लिंबू लावावे. एवढे झाल्यावर वर्षभर काच फुटली नाही तर तडा दोन्ही बाजूंनी खरवडून, आडव्या सांध्यांत दर दोन फुटांवर सहा मिलिमीटरचे गज बसवून पॉलिमर मसाल्याने शिवता येतो. तडा जिवंतच असेल तर लवचिक सीलंट भरून थांबावे आणि पायासाठी जाणकार अभियंत्याला बोलवावे.

पाण्याच्या हौदाचा वेगळा उल्लेख करतो, कारण आपल्याकडे तो प्रत्येक घरात आहे. माणशी रोज १३५ लिटर धरले तर पाच जणांना ६७५ लिटर लागतात. नळ आठ दिवसांनी येत असेल तर ५,४०० लिटर, म्हणजे आतून २ मीटर लांब, १.५ मीटर रुंद आणि १.८ मीटर पाण्याची खोली. जागा वाचावी म्हणून हा हौद पार्किंगमध्ये कोपऱ्याच्या कॉलमला खेटून खोदला जातो. तो पाझरला की घराच्या एकाच कोपऱ्याला बारमाही पावसाळा लागतो. हौद पायापासून दूर घ्यावा आणि ताब्याआधी भरून, पातळीवर खूण करून, झाकून दोन दिवस ठेवावा. खूण उघडी पडली तर ताबा घेऊ नये.

बांधकाम आपल्या डोळ्यांदेखत होणार असेल तर स्लॅबची तारीख पंचांगापेक्षा टँकरवर ठरवा. हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर आळे करून पाच सेंटिमीटर पाणी उभे करायला एका वेळी सुमारे ४,६०० लिटर लागतात. एप्रिलच्या उन्हात ते रोज घटते आणि हे निदान दहा ते चौदा दिवस चालवायचे असते. पाणी नसेल तर ओले गोणपाट आणि वर प्लास्टिक, हा मार्ग आहे. पन्नास किलोच्या सिमेंटच्या गोणीला पाणी पंचवीस लिटरच्या आसपास. बोअरचे पाणी क्षारयुक्त असेल तर काँक्रीटसाठी आधी तपासून घ्यावे: लोखंडी सळ्या असलेल्या काँक्रीटमध्ये क्लोराइड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही.

'भूकंपरोधक' हा शब्द ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीनंतर आपल्याकडे घरोघरी पोहोचला. तिथे मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर माळवदाचे, म्हणजे मातीच्या छताचे, ओझे यांनी माणसे गाडली. आज तोच शब्द फक्त कॉलम उभे केले म्हणून जाहिरातीत छापतात. कॉलमच्या रिंगांची (उभ्या सळ्यांना वेढणाऱ्या कड्यांची) टोके १३५ अंशांत आत वळवली आहेत का आणि तुळईच्या सांध्याजवळ रिंगा दाट आहेत का, एवढे काँक्रीट पडण्याआधी पाहा. टोके काटकोनातच ठेवली असतील तर तो शब्द खोटा.

कागदांबद्दल थोडक्यात. सातबाऱ्यावर 'इतर अधिकार' आणि भोगवटादाराचा वर्ग (जमीन विकायला सरकारी परवानगी लागते का, हे त्यावरून कळते) वाचावा. आपला भाग निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे १९५४ चे खासरा पत्रक, म्हणजे जमिनीची जुनी सरकारी नोंद, काढून जमीन इनामाची, देवस्थानाची किंवा कुळाची तर नव्हती ना, हे पाहावे. तीस वर्षांचा शोध अहवाल वकिलाकडून घ्यावा, तो बिल्डरच्या वकिलाचा नको. शंभर रुपयांच्या बाँडवर मालकी मिळत नाही. गुंठेवारीतले, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्याने पाडून विकलेल्या प्लॉटवरचे, घर असेल तर 'फाइल टाकली आहे' हे उत्तर न घेता नियमितीकरणाचे प्रमाणपत्रच मागावे. २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला ही मुभा मिळाली. त्यानंतरच्या प्लॉटला ती धरू नये. पैशांचे गणितही आधी मांडावे. ३० लाखांपर्यंतच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत देऊ शकते. मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च मात्र साधारणपणे त्या किमतीत धरत नाहीत, तो खिशातून जातो. घर फक्त बाईच्या नावावर असेल तर मुद्रांक शुल्कात एक टक्का वाचतो.

रेरा कायद्याने, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांवर नियमन करणाऱ्या कायद्याने, ताब्यानंतर पाच वर्षांत निघालेला बांधकामाचा दोष बिल्डरने तीस दिवसांत, फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. पण जागा ५०० चौरस मीटरपर्यंत असेल किंवा घरे आठपर्यंत असतील तर प्रकल्पाला नोंदणीच लागत नाही. आपल्याकडच्या सहा-सहा रो-हाऊसच्या रांगा नेमक्या या फटीतून निसटतात. अशा वेळी पाच वर्षांच्या दुरुस्तीची अट करारनाम्यात शब्दशः लिहून घ्यावी, म्हणजे ग्राहक आयोगापुढे हातात कागद राहतो.

आता मागणी. परवानगीच्या बांधकामात जोत्याच्या टप्प्याला तपासणी असते. लांबी-रुंदी आणि सोडलेली जागा तेव्हा मोजता येते, पण पाया तोवर गाडला गेलेला असतो. मराठवाड्यातल्या महापालिका आणि नगरपालिकांनी जोत्याआधी एक टप्पा वाढवावा: काँक्रीट टाकण्यापूर्वी प्रत्येक खड्ड्याचा फोटो फाइलला जोडणे बंधनकारक करावे आणि घर घेणाऱ्याने मागितल्यावर त्याची प्रत द्यावी. फोटोत तळाशी टेकवलेली मोजपट्टी, बाजूला काळी माती कुठे संपली ती रेघ आणि खाली मुरूम दिसला पाहिजे. तारखेच्या पुराव्यासाठी त्या दिवसाचा आपला अंक खड्ड्यात धरला तरी चालेल.

आपला,
एक स्थापत्य अभियंता, परभणी