वॉटर्लूच्या पट-खेळातील चुका: बदली भाग आणि शुद्धिपत्राची मागणी

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: वॉटर्लूच्या लढाईवरील षटकोनी पटाच्या खेळातील (मराठी संच) निकालतक्ता, कुमक तक्ता, सोंगट्या व नकाशा यांतील चुका दुरुस्त करून मिळण्याबाबत.

महोदय,

आमच्या खेळगटाने आपल्या या खेळाचे ४ संच विकत घेतले. चारही संचांतल्या सोंगट्या मोजल्या, नियमपुस्तिका ओळीने वाचली आणि खेळ पहिल्या पाळीपासून दहाव्या पाळीपर्यंत लावून पाहिला. चारही संचांत चुका त्याच आणि त्याच जागी आहेत, म्हणजे एखादा संच खराब निघाला असा हा प्रकार नाही. आमच्या आधीच्या ईमेलला उत्तर म्हणून आपण पुढील खरेदीवरच्या सवलतीचे कूपन पाठवलेत. ते आम्ही वापरणार नाही. घेतलेला खेळ नीट खेळता यावा, एवढेच मागणे आहे.

वॉटर्लूचा खेळ घड्याळावर चालतो. १८ जून १८१५ रोजी नेपोलियनकडे सुमारे ७२ हजार माणसे आणि २४६ तोफा होत्या, वेलिंग्टनकडे सुमारे ६८ हजार माणसे आणि १५६ तोफा. वेलिंग्टनच्या मदतीला निघालेली ब्ल्यूखरची प्रशियन फौज पूर्वेकडून येऊन भिडण्याआधी फ्रेंचांना वेलिंग्टनने धरलेली माँ-सँ-जाँची टेकाडरांग फोडता येते का, हा त्या दिवसाचा प्रश्न आणि तोच या खेळाचाही. खाली दिलेल्या बहुतेक चुका नेमक्या याच प्रश्नाचे उत्तर बिघडवतात, म्हणून त्यांना किरकोळ छपाईदोष मानता येत नाही.

सर्वात आधी निकालतक्ता, म्हणजे फासा टाकून हल्ल्याचा निकाल ठरवायचा तक्ता, कारण तो चुकल्यावर बाकी काहीच खरे राहत नाही. आपल्या तक्त्यात १-१ च्या (हल्लेखोर आणि रक्षक यांचे बळ सारखे) स्तंभात फाशाच्या १ ते ६ या दानांना अनुक्रमे असे निकाल छापले आहेत: रक्षक माघार, रक्षक माघार, हल्लेखोर माघार, रक्षक माघार, रक्षक माघार, अदलाबदल. ३-१ च्या स्तंभात: रक्षक नष्ट, रक्षक माघार, रक्षक माघार, हल्लेखोर माघार, हल्लेखोर माघार, हल्लेखोर नष्ट. आता मोजा. बरोबरीच्या बळाने हल्ला केला तर ६ पैकी ४ दाने हल्लेखोराच्या बाजूची. तिप्पट बळ जमवून केला तर ६ पैकी ३, आणि वर सहात एकदा तिप्पट फौजच पटावरून नाहीशी! मधला २-१ चा स्तंभ व्यवस्थित आहे. त्यात ४ दाने अनुकूल, पाचावर अदलाबदल आणि सहावर हल्लेखोर माघार. १-१ आणि ३-१ या दोन स्तंभांच्या खालच्या तीन ओळींची आपसांत अदलाबदल झाली आहे, असे आमचे ठाम मत आहे. त्या तीन ओळी परत फिरवल्या की १-१ ला २, २-१ ला ४ आणि ३-१ ला ५ अनुकूल दाने येतात. तक्ता असाच चढत जायला हवा.

याचा पुरावा आपल्याच नियमपुस्तिकेत आहे. पान ९ वरच्या उदाहरणात कियो आणि दाँझलो यांच्या डिव्हिजन मिळून १५ बळाने ५ बळाच्या ब्रिगेडवर तुटून पडतात, फासा ४ पडतो आणि निकाल लिहिला आहे ‘रक्षक माघार’. तक्त्यात त्याच घरात ‘हल्लेखोर माघार’ छापले आहे. उदाहरण लिहिताना मूळ तक्ता बरोबर होता. पुढे पानाची मांडणी करताना तो बिघडला.

खेळावर याचा परिणाम असा होतो की फ्रेंच खेळाडूने नेपोलियनसारखे बळ एका ठिकाणी जमवले की तो हरतो आणि सगळ्या आघाडीवर एकेक सोंगटी भिडवत गेला की जिंकतो. बळाच्या गुणोत्तराचा पूर्णांक नेहमी रक्षकाच्या बाजूने धरायचा हा आपला नियम (१४ विरुद्ध ५ म्हणजे २-१) चांगला आहे, कारण त्यामुळे एकेका बळासाठी विचार करावा लागतो. पण या तक्त्यावर खेळाडू १५ चे १४ मुद्दाम करतो. असा खेळ नवख्या मुलाला शिकवला तर तो उलटे शिकेल.

दुसरी चूक कुमक तक्त्यातली, म्हणजे कोणती ताजी फौज कोणत्या पाळीत पटावर येते ते सांगणाऱ्या तक्त्यातली. खेळ ११ वाजता सुरू होतो, एक पाळी म्हणजे एक तास, म्हणजे १६ ते १७ ही सहावी पाळी. प्रशियन सेनापती ब्यूलोच्या चौथ्या कोअरची (कोअर म्हणजे अनेक डिव्हिजन किंवा ब्रिगेड मिळून झालेली मोठी तुकडी) आघाडीची दोन दले, लोस्टिनची १५ वी आणि हिलरची १६ वी ब्रिगेड, पॅरिस-वनातून (रणांगणाच्या पूर्वेचे जंगल) दुपारी साडेचारच्या सुमारास बाहेर पडली. म्हणजे त्यांची पाळी सहावी. आपण चौथी छापली आहे. प्रशियनांचाच त्सीटनचा पहिला कोअर संध्याकाळी सातच्या सुमारास पापलोतच्या बाजूला पोहोचला, म्हणजे पाळी नववी. आपण सातवी छापली आहे. दोन्हीकडे बरोबर दोनचाच फरक आहे. रचनेच्या आधीच्या आवृत्तीत खेळ १३ वाजता, फ्रेंच सेनापती देर्लाँच्या हल्ल्याच्या तोंडावर सुरू होत असावा आणि नंतर सुरुवात दोन तास मागे नेताना हा तक्ता तसाच राहून गेला असावा. कारण काहीही असो, फ्रेंचांचे दोन तास गेले. देर्लाँचा कोअर दीड वाजता, म्हणजे तिसऱ्या पाळीत हलतो आणि पुढच्याच पाळीत उजव्या बगलेला प्रशियन हजर! लोबोचा राखीव कोअर तिकडे वळवण्यावाचून गत्यंतर उरत नाही. पाळी सहावी धरली तर वनाच्या कडेपासून प्लांसनुआपर्यंतचे ६ षटकोन, ४ चालीच्या पायदळाने, सातव्या पाळीत पार होतात आणि गावासाठीची झुंज इतिहासातल्या वेळेलाच पेटते. इतकी नेमकी बसणारी रचना एका चुकीच्या तक्त्यापायी वाया जाऊ नये, असे मनापासून वाटते.

आता सोंगट्यांच्या यादीविषयी. रेयच्या दुसऱ्या कोअरमध्ये आपण जिरारची ७ वी डिव्हिजन मांडायला सांगता. ती १६ जूनला लिन्यीच्या लढाईत पार खिळखिळी झाली, स्वतः जिरार तिथे प्राणांतिक जखमी झाला आणि डिव्हिजन मागेच ठेवली गेली. ती वॉटर्लूला नव्हती. लोबोच्या सहाव्या कोअरमध्ये आपण तेस्तची २१ वी डिव्हिजन दिली आहे; ती प्रशियनांच्या पाठलागावर गेलेल्या ग्रुशीबरोबर वाव्रच्या दिशेला होती. जिरार आणि जेरार यांचा घोळही इथेच आहे. जेरार हा ग्रुशीकडच्या चौथ्या कोअरचा सेनापती आणि जिरार हा डिव्हिजनचा. पुस्तिकेत दोन ठिकाणी एकाच्या जागी दुसरा छापला आहे.

उलट, लोबोच्या बरोबरीने उजव्या बगलेला होत्या त्या दोमाँ आणि स्यूबेर्वी यांच्या हलक्या घोडदळाच्या डिव्हिजन संचात नाहीतच. गंमत अशी की बेरीज जुळते. खरी संख्या पायदळाच्या १२ (देर्लाँ ४, रेय ३, लोबो २, गार्ड ३) आणि घोडदळाच्या १० डिव्हिजन, एकूण २२. आपल्याकडे १४ आणि ८, एकूण २२. नुसती बेरीज तपासली म्हणून चूक निसटली असणार. यादी नेहमी नावानिशी जुळवावी लागते. आणि या दोन घोडदळांचे खेळातले काम मोलाचे आहे: ६ चालीची सोंगटी पुढे जाऊन उभी राहिली की भोवतीच्या सहा षटकोनांच्या ताब्यामुळे प्रशियनांना थांबावे लागते, आणि तिथे मिळालेली एक पाळी फ्रेंचांना टेकाडावर वापरता येते.

छपाईचा दोष शब्दांत सांगण्यापेक्षा एकच सोंगटी उचलून दाखवतो. फ्रियाँची जुन्या गार्डची डिव्हिजन, १३ मिलिमीटरचा चौकोन, पुढून निळा, ९-४ (बळ ९, चाल ४). ती उलटवली की मागची छपाई अडीच मिलिमीटर खाली आणि डावीकडे सरकलेली दिसते. कमजोर बाजूच्या बळाचा आकडा ५ अर्धा कापला गेला आहे आणि वरच्या कडेला शेजारच्या ओळीतल्या ब्रिटिश सोंगटीचा लाल पट्टा आला आहे. टेबलाच्या पलीकडून पाहणाऱ्याला ही सोंगटी कोणाची, हेच कळत नाही. कोपऱ्यावर कागदाचा पापुद्रा सुटलेला, आत करडा पुठ्ठा दिसतो आहे.

पुढची छपाई जेमतेम अर्धा मिलिमीटर हललेली असताना मागची इतकी का हलते? पुढचा आणि मागचा कागद वेगवेगळा छापून पुठ्ठ्यावर चिकटवताना दोन्हींचा आधार एकाच कडेचा घ्यायला हवा. पुठ्ठा उलटवताना ती कड बदलली की कागदाच्या मापातला सगळा फरक मागच्या बाजूवर जमा होतो. चारही संचांत सरक एकाच दिशेला आहे, म्हणून कारण हेच असावे. पापुद्रा सुटतो तो सोंगट्या कापणाऱ्या डायच्या (साच्याच्या) बोथट पात्यांमुळे आणि कोपऱ्यातले जोड रुंद ठेवल्यामुळे. जोड पुढच्या बाजूने धारदार पात्याने कापून सोंगट्या सोडवल्या तर कागद वाचतो, हे पुस्तिकेत एका ओळीत तरी सांगा. हाताने ओढून काढणाऱ्याच्या निम्म्या सोंगट्यांचे कोपरे जातात.

अंकांविषयी एक सूचना. निळ्यावर पांढरे, ठळक आणि बारीक देवनागरी अंक छापताना शाई पसरून पोकळ्या बुजतात, आणि मग १ आणि ९ सारखे दिसू लागतात. तोफखान्याची १-४ सोंगटी आणि जुन्या गार्डची ९-४ सोंगटी यांत गफलत झाली तर लढाईच फिरते. फिक्या पट्टीवर गडद अंक घ्या, आणि थोडे मोठे.

नकाशात ला हे सँत ही वाडी रस्त्याच्या पूर्वेकडच्या षटकोनात आहे. ती शार्लरुआ-ब्रसेल्स रस्त्याला लागून पश्चिमेला आहे. पूर्वेला, समोर, वाळूची खाण होती. ४०० मीटरच्या षटकोनात वाडी रस्त्याच्याच षटकोनात बसते, आणि वेगळी काढायचीच असेल तर पश्चिमेला काढावी. देर्लाँचे बहुतेक पायदळ रस्त्याच्या पूर्वेने चढले आणि वाडी त्यांच्या डाव्या हाताला राहिली. आपल्या नकाशात ती त्यांच्या थेट वाटेत उभी आहे.

वाडीतल्या शिबंदीचा भोवतीच्या षटकोनांवर ताबा चालतो की नाही, यावर नियम ५.४ ‘नाही’ म्हणतो आणि ९.२ ‘हो’. आम्ही ‘नाही’ धरून खेळतो. आपला निर्णय कळवा. मांडणीपत्रकात ‘चिखलासाठी नियम ११.३ पाहा’ असे आहे, पण पुस्तिका १०.६ वर संपते. आदल्या रात्रीच्या पावसाने जमीन भिजली होती आणि त्यामुळे लढाईला उशीर झाला, तेव्हा हा नियम वगळून चालणार नाही.

आणि एक गोष्ट मराठी प्रकाशकाकडून व्हायलाच नको होती. वेलिंग्टनच्या परिचयात आपण असईची लढाई होळकरांविरुद्ध झाली असे लिहिले आहे. २३ सप्टेंबर १८०३ ला असईत वेल्स्लीसमोर (म्हणजे पुढच्या वेलिंग्टनसमोर) शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजा होत्या. यशवंतराव होळकर त्या लढाईत नव्हते. हे गाव आजच्या जालना जिल्ह्यात आहे. तिथल्या शाळकरी मुलाच्या हातातही हा खेळ पडू शकतो.

आमची मागणी अशी. प्रत्येक संचासाठी सोंगट्यांचा नवा छापील पुठ्ठा, दोमाँ आणि स्यूबेर्वी यांच्यासह. दुरुस्त निकालतक्ता आणि कुमक तक्ता जाड कार्डावर. नियम ११ सह शुद्धिपत्र. पूर्ण नकाशा नव्याने छापण्याची गरज नाही. ला हे सँतभोवतीच्या षटकोनांची चिकटपट्टी नकाशाच्याच कागदावर छापून दिली तरी चालेल. दुकानांतल्या न विकलेल्या संचांतही शुद्धिपत्र घालावे. पुढच्या छपाईआधी रचनाकार खोलीत नसताना, फक्त पुस्तिका हातात देऊन चार अनोळखी खेळाडूंकडून खेळ खेळवून घ्या. ३-१ पेक्षा १-१ बरे, हे त्यांना पहिल्या अर्ध्या तासात कळले असते. आमचा गट हे काम विनामूल्य करायला तयार आहे.

पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. ते न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली सदोष वस्तूबद्दल तक्रार दाखल करावी लागेल. तोवर आम्ही निकालतक्त्याच्या त्या सहा घरांवर कागद चिकटवून आणि कुमकेच्या पाळ्या पेनाने खोडून खेळत आहोत.

आपले,
खेळगटाचे सदस्य, पुणे

सोबत: खरेदीच्या पावत्यांच्या प्रती, सोंगट्यांच्या दोन्ही बाजूंची मोजपट्टीसह छायाचित्रे, दुरुस्त निकालतक्त्याचा मसुदा, फ्रेंच डिव्हिजनांची नावनिहाय यादी.