सूचना : रविवारची बैठक आणि कथांमधले कंपनीराज

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, आपल्या जळगावच्या वाचक मंडळाची मासिक बैठक येत्या रविवारी सकाळी ८ वाजता (ऊन पाहता वेळ दोन तास अलीकडे घेतली आहे) वाचनालयाच्या नेहमीच्या दालनात होईल. कंपन्यांच्या सत्तेखाली वावरणारा समाज रंगविणाऱ्या जुन्या विज्ञानकथा हा चर्चेचा विषय आहे.

फ्रेडरिक पोल आणि सी. एम. कॉर्नब्लुथ यांची १९५३ मधील ‘द स्पेस मर्चंट्स’ ही कादंबरी सर्वांनी वाचून यावे. तिच्यात सरकार नावापुरते उरले असून खरी सत्ता जाहिरातसंस्थांसारख्या बड्या कंपन्यांकडे आहे, आणि शेवाळाच्या मळ्यात राबणारा मजूर कंपनीकडूनच उधारीने घेतलेल्या मालापायी असा अडकत जातो की, राबूनही त्याचे देणे फिटत नाही. हा भाग सावकाश वाचावा. उचल घेऊन ऊसतोडीला जाणारी कुटुंबे ज्यांनी जवळून पाहिली आहेत, त्यांना तो मुळीच परका वाटणार नाही. कृत्रिम कामगार बनविणाऱ्या कारखान्यावरचे कारेल चापेक यांचे १९२० मधील ‘आर. यू. आर.’ हे नाटक वेळ उरल्यास घेऊ.

खुद्द खानदेश १८१८ ते १८५८ एका व्यापारी कंपनीच्याच अमलाखाली होता. या अंगाने कोणास दहा मिनिटे बोलावयाचे असल्यास शुक्रवारपर्यंत कळवावे. कादंबरीच्या दोनच प्रती असल्याने वाचून झालेल्यांनी त्या विनाविलंब परत कराव्यात.

— कार्यवाह