आई-बाबा, सही करून दिली आहे

मे २०२१

ती. आई, बाबा,

फोनवर सांगायला घेतलं का आई रडते अन् बाबा "बरं बरं" म्हणून फोन दादाच्या हातात देऊन देतात, म्हणून लिहून पाठवून राहिली. दादाच्या मोबाईलवर येईल, त्याला मोठ्यानं वाचायला लावा, मधलं गाळू नको म्हणा.

आमच्या सूतगिरणीत कोरोनाची काळजी घेत नाहीत म्हणून कारखाना निरीक्षकाकडे जे पत्र गेलं त्याच्यावर मी सही केली आहे, आता त्यात मागंपुढं काही नाही. अन् मी पेरणीला गावी येत नाही हेही पक्कं. आधीच सांगून टाकलं, आता बाकीचं निवांत ऐका.

तुम्ही म्हणाल तुला काय करायचं होतं, तू तर लॅबमध्ये बसते. खरं आहे, आम्ही तिघंच असतो, सुताचा काउंट, म्हणजे ते किती जाड-बारीक ते, काढायचा अन् रजिस्टरात लिहायचं, मला काहीच त्रास नाही. पण वाइंडिंगच्या, सूत गुंडाळणाऱ्या बाया, रिंग फ्रेमवर सूत कातणारी पोरं, त्यांचं काय? सूतगिरणीचा हॉल उघडा ठेवता येत नाही, हवेत ओल कमी झाली का धागा तुटते, म्हणून सगळं बंद अन् हवा एच प्लांटमधून, म्हणजे हवा ओली करून आत सोडायच्या यंत्रातून येते. तिथं डॅम्पर, म्हणजे झडपा असतात, बाहेरची हवा किती घ्यायची अन् आतलीच किती फिरवायची ते त्याच्यावर. आमच्याकडं आतलीच फिरून राहिली होती. आता तर २० मेला केंद्र सरकारच्या वैज्ञानिक सल्लागारांच्या ऑफिसनंच सांगितलं, मोठे थेंब दोन मीटरच्या आत पडतात पण बारीक कण हवेत दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात, हवा खेळती ठेवा. मग गेटवर कपाळाला ती ताप मोजायची बंदूक लावून अन् हातावर सॅनिटायझर शिंपडून काय होते सांगा!

अन् ताप आला तर घरी बस, हजेरी कट. मग कोण सांगते ताप आहे म्हणून? गोळी खाऊन कामावर येतात, टेम्पोत दाटीवाटीनं बसतात, कॅन्टीनमध्ये एकाच वेळेला जेवतात. वाइंडिंगमधली एक बाई अशीच येत राहिली. ती वाचली, तिचा नवरा गेला. ती कामावर परत आली तेव्हा तिच्याकडं पाहवत नव्हतं. त्या आठवड्यातच आम्ही लिहायला बसलो.

आम्ही काही जगावेगळं नाही मागितलं बाबा. एप्रिलच्या सरकारी आदेशातच आहे सगळं, कामगार पॉझिटिव्ह निघाला तर त्याला काढायचं नाही, पूर्ण पगार द्यायचा, त्याच्या संपर्कातल्यांना पगारी सुट्टीवर ठेवायचं, जेवणाच्या सुट्ट्या वेगवेगळ्या करायच्या. आमचं म्हणणं एवढंच, जे लिहिलं आहे ते करा. याशिवाय डॅम्पर उघडा, टेम्पो वाढवा, अन् मिक्सिंग-कार्डिंगवाल्यांना, कापूस मिसळणाऱ्या-पिंजणाऱ्यांना, एन-९५ द्या, कापडी मास्क तिथं तासाभरात ओला होते. टेम्पो वाढवला त्यांनी, पत्राची कुणकुण लागल्याबरोबर. डॅम्परचं अजून "पाहू" चालू आहे.

नोकरी जाईल म्हणून घाबरू नका. फॅक्टरी अ‍ॅक्टमध्ये कलम १११-ए आहे, कामगार आपल्या सुरक्षेचं गाऱ्हाणं थेट निरीक्षकाकडं मांडू शकतो, अन् ११८-ए प्रमाणं तक्रार कोणी केली ते निरीक्षकानं गुप्त ठेवायचं असते. आता मॅनेजरला अंदाज आलाच असेल, तो काही लहान पोरगा नाही, पण रोज नमस्कार घेते माझा. शिवाय ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, कापल्या जाते माझी, आजारी पडली तरी वर्षात ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार मिळते, अन् तो लाभ चालू असताना कामावरून काढता येत नाही. तुमच्या जिनिंगवाल्या त्या वर्षासारखं होणार नाही.

बाबा, तुम्ही रेच्यावरून, जिनिंगमधून घरी यायचे तेव्हा तुमच्या भुवयांवर रुई बसलेली असायची, मी मांडीवर बसून फुंकून उडवायची, "माझे बाबा म्हातारे झाले" म्हणून हसायची. अन् सुट्टीनंतरच्या दिवशी तुमची छाती भरून यायची, आई अद्रक-गुळाचं पाणी द्यायची. कापसाच्या धुळीनं होणाऱ्या त्या रोगाला बिसिनोसिस म्हणतात, सुट्टीनंतर कामावर गेलं का छाती आवळते हेच त्याचं लक्षण, अन् तो कायद्याच्या यादीत आहे, डॉक्टरला आढळला तर कळवावंच लागते. तुमचा कोणी कळवला नाही. तुम्ही काहून बोलले नाही असं नाही म्हणत मी, बिलकुल नाही, तेव्हा आमच्या दोघांच्या फिया भरायच्या होत्या, मला काय माहीत नाही का. पण आता माझ्यावर तेवढं ओझं नाही, तर मी सही करू शकते. एवढंच आहे ते.

अन् तुमच्या त्या छातीमुळंच मी येत नाही. रोज दोन-अडीचशे लोकांत जाऊन यायचं अन् मग तुमच्याजवळ जेवायला बसायचं, नाही होत माझ्यानं. आई, राग नको धरू नं वं. खोलीत कुलर आहे, नळ सकाळी येते, डबा लावला आहे, भाकर बरी असते, वरण पातळ असते पण तुझं लोणचं अजून अर्धी बरणी आहे. कुरोड्या पाठवायच्या असतील तर दादासोबत पाठव, पण त्याला वर नाही घेणार मी, खालीच दे म्हणा.

आता ऐका. ऑक्सिमीटर कपाटात ठेवायला नाही दिला. सकाळ-संध्याकाळ लावा, मग बाबांनी सहा मिनिटं अंगणात चालून परत लावायचं, ९४ च्या खाली आलं का लगेच आशाताईला सांगायचं, "उद्या पाहू" नाही. कोविशील्डच्या दुसऱ्या डोसचं अंतर वाढवलं आहे, ८४ दिवस झाल्याशिवाय उन्हातान्हात केंद्रावर चकरा मारू नका. आई, तुला शुगर आहे, गावातल्या डॉक्टरनं ताप-खोकल्याला काही दिलं तर आधी विचार यात स्टिरॉइड आहे का, अन् गोळीच्या पाकिटाचा फोटो मला पाठव. मोठ्या बाबांच्या घरचं लग्न पंचवीस लोकांत असो का पाचात, जायचं नाही. मी बोलली आहे मोठ्या आईशी, ती रुसली आहे, रुसू दे.

बियाण्याचे पैसे दादाच्या खात्यात टाकले. कृषी केंद्रात बाबांनी नाही जायचं, तिथं लाईनीत कोणी मास्क लावत नाही. अन् घरचं सोयाबीन पेरणार असाल तर मागच्या वर्षी लोकांचं उगवलंच नाही ते ध्यानात ठेवा, शंभर दाणे ओल्या पोत्यात गुंडाळून पाहा, सत्तरच्या खाली उगवले तर ते पेरू नका, मला फोन करा, मी अजून पैसे टाकते.

तुमची
बेबी