घड्याळवाल्या काकांना, एका सेलबद्दल

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

श्रावणात इंदूरच्या राजवाड्याजवळच्या तुमच्या टपरीवर बाबांचा जुना कॅनोनेट कॅमेरा घेऊन आले होते, ती मी. माझं नाव तुम्ही विचारलंच नव्हतं, पण कॅमेरा आठवेल. तुम्ही तो रुमालावर उपडा ठेवलात आणि सेलचं झाकण नाण्याने उघडलंत.

त्याआधी एका दुकानात मला 625 नंबरचा अल्कलाइन सेल मिळाला होता. कॅमेऱ्यातला सेल तपासायचा दिवा लागत होता, म्हणून मी निश्चिंत होते. 36 फोटोंचा अख्खा रोल काळपट आला. कॅमेरा आता थकला, असं म्हणून बाबा तो कपाटात ठेवायला निघाले होते.

तुम्ही मात्र आधी सेलला मल्टीमीटर लावलात. दीड व्होल्टच्या वर! मग समजावून सांगितलंत, की कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर पाऱ्याच्या 1.35 व्होल्टच्या सेलवर बेतलेलं आहे. व्होल्ट जास्त मिळाले की त्याला उजेडही जास्त वाटतो, कॅमेरा कमी उजेड आत सोडतो आणि फोटो काळा पडतो. पाऱ्याचा सेल शेवटपर्यंत जवळजवळ तेवढेच व्होल्ट देत राहायचा. अल्कलाइन वापरासोबत उतरत जातो, त्यामुळे एएसए, म्हणजे कॅमेऱ्यावर लावायचा फिल्मच्या वेगाचा आकडा, बदलून हिशेब जुळवला तरी तो टिकत नाही. पाऱ्याच्या विषारीपणामुळे ते सेल गेले. अमेरिकेत तर 1996 च्या कायद्यानेच त्यांची विक्री थांबली.

काका, तुमच्या डबीत घड्याळाचे सिल्व्हर ऑक्साइडचे सेल होते. त्यातला एखादा मला सहज विकता आला असता. "हा 1.55 चा, बेटा. मीटर पुन्हा चुकेल," म्हणत तुम्ही डबी बंद केलीत आणि मला कानाच्या मशीनच्या दुकानात पाठवलंत. तुमची ती बंद केलेली डबी मी विसरणार नाही.

पाऱ्याच्या सेलच्या जवळपास व्होल्ट देणारे 675 नंबरचे झिंक-एअर सेल तिथून घेऊन परत आले, तर तुम्ही रबरी रिंग शोधून ठेवली होती. 625 च्या जागेत हा सेल खुळखुळतो ना! निळी पट्टी चिमट्याने काढलीत, बारीक भोकं भिंगातून दाखवलीत. हवा आत गेली की सेल जागा होतो, मिनिटभर थांबायचं, भोकांवर काही चिकटवायचं नाही. कॅमेरा वापरा न वापरा, दोन-तीन महिन्यांत सेल संपणारच, म्हणून पट्टीवर तारीख लिहून ती केसमध्ये चिकटवायची. एवढं सगळं करून पैसे घेतले नाहीत.

अनंत चतुर्दशीला बाबा आणि मी झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले दिव्यांचे देखावे, बघायला गेलो. मिल बंद पडून इतकी वर्षं झाली, तरी कामगार त्या काढतात; बाबांना तेच टिपायचं होतं. रोल धुऊन आलाय. दिव्यांच्या माळेखाली उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या कामगाराच्या चेहऱ्यावरची सुरकुती न् सुरकुती दिसते.

त्या फोटोची एक प्रत तुमच्यासाठी काढली आहे. गुरुवारी बाबांना घेऊन येते. त्यांना तुम्हाला भेटायचंय.

तुमची,
कॅनोनेटवाली